वर्ण नव्हे, वर्णमाला : संदर्भसूचीचा इतिहास आणि आपण

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गात एक विद्यार्थिनी आपला परत आलेला पेपर घेऊन आली. विषय विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा. दोन उन्हाळे गावोगाव फिरून तिने पाण्याचे नमुने गोळा केले होते. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. पेपर जर्नलला पाठवला आणि चौथ्या दिवशी तो परत आला. तो समीक्षकांपर्यंत गेलाच नव्हता. सोबत एका ओळीचा ईमेल होता : संदर्भ आमच्या पद्धतीनुसार नाहीत.

आम्ही तिची संदर्भसूची पाहिली. अडतीस संदर्भ होते. काही ठिकाणी मजकुरात आकडे, काही ठिकाणी नाव आणि साल. तीन ठिकाणी फक्त संकेतस्थळाचा पत्ता. दोन लेखांची नावे मजकुरात होती, पण शेवटच्या यादीत नव्हती. आमच्यातला एक जुना कार्यकर्ता चिडून म्हणाला, "हे नवे सोवळे आहे. पूर्वी मंत्राचा उच्चार चुकला म्हणून हाकलत होते, आता स्वल्पविराम चुकला म्हणून हाकलतात."

हे वाक्य आम्हाला बरेच दिवस टोचत राहिले. ते अर्धे खरे आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

खरी बाजू आधी मान्य करू. झोटेरो नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर संशोधक वापरतात. त्याच्या संग्रहात संदर्भ लिहिण्याच्या १०,००० हून अधिक शैली आहेत. कोणाला साल कंसात हवे, कोणाला शेवटी. कोणाला जर्नलचे नाव तिरक्या अक्षरांत, कोणाला संक्षेपात. यात ज्ञानाचा काहीही संबंध नाही. काही प्रकाशकांनाही हे कळले आहे. पेपर पहिल्यांदा पाठवताना सूची कोणत्याही पद्धतीत असली तरी चालेल, फक्त ती एकसारखी हवी, असे ते आता सांगतात. म्हणजे स्वल्पविरामाचे कर्मकांड आहे, हे खुद्द पुरोहितांनीच कबूल केले आहे.

पण मग या कर्मकांडाच्या आत काही आहे की नाही? आमचे म्हणणे असे की आत हिशेबाची वही आहे. ती वही कशी तयार झाली, हे पाहिल्याशिवाय ती फेकून देणे परवडणार नाही. आपल्याला तर मुळीच नाही.

गोगलगाय आणि व्हँकुव्हर

मजकुरात कंसात नाव आणि साल, आणि शेवटी नावांच्या अक्षरक्रमाने यादी, या पद्धतीला आज 'हार्वर्ड पद्धत' म्हणतात. तिचा माग अमेरिकेतल्या हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्यापर्यंत जातो. त्यांनी १८८१ साली एका बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांवर मोठा प्रबंध छापला. जुन्या लेखनात तळटीपांची गर्दी असे आणि एकच ग्रंथ दहा ठिकाणी दहा तऱ्हांनी लिहिलेला असे. मार्क यांनी लेखकाचे नाव आणि साल कंसात टाकले आणि बाकी तपशील शेवटच्या यादीत नेला. वाचकाला कळू लागले की हे कोणी म्हटले, कधी म्हटले आणि कुठे सापडेल. एली चेर्निन यांनी १९८८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा सगळा उगम शोधून मांडला. या पद्धतीला हार्वर्डचे नाव नंतर इतरांनीच चिकटवले. विद्यापीठाने तसा काही फतवा काढला नव्हता.

दुसरी मोठी पद्धत आकड्यांची. मजकुरात जो संदर्भ आधी येईल तो १, त्यानंतरचा २, आणि शेवटची यादीही त्याच क्रमाने. वैद्यकीय जर्नलांच्या काही संपादकांची जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात अनौपचारिक बैठक झाली. लेखकांना प्रत्येक जर्नलसाठी हस्तलिखित नव्याने टंकित करावे लागू नये, हा बैठकीचा साधा हेतू होता. त्यांनी ठरवलेले समान नियम १९७९ साली छापून आले. संदर्भांचे नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने तयार केले होते. आज तिला 'व्हँकुव्हर पद्धत' म्हणतात. म्हणजे जे नियम आज आपल्या मुलांना जाच वाटतात, ते मुळात लेखकांचा जाच कमी करण्यासाठी केले होते.

एक उदाहरण घेऊ. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करत होते. सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी फॉस्फरस मोजण्याची रंगमापनाची रीत शोधली. व्हँकुव्हर पद्धतीत त्या लेखाचा पत्ता असा येतो : फिस्के सीएच, सुब्बाराव वाय. लेखाचे नाव. जर्नलचे नाव. १९२५;६६:३७५–४००. हार्वर्ड पद्धतीत हेच साल नावाशेजारी कंसात जाते आणि आद्याक्षरांपुढे पूर्णविराम येतात. ६६ हा खंड, ३७५ ते ४०० ही पृष्ठे. मांडणी कशीही असो, कोण, काय, कुठे, कधी आणि कोणते पान, हे पाच प्रश्न दोन्हीकडे तेच आहेत.

सुब्बाराव यांना हार्वर्डने कायम प्राध्यापकपद दिले नाही. पण फॉस्फरस मोजणाऱ्या हजारो संशोधकांनी आपल्या यादीत त्यांचे नाव लिहिले, कारण ते लिहिणे भाग होते. पद देणे न देणे संस्थेच्या मर्जीवर होते. संदर्भ देणे मर्जीवर नव्हते.

अशी पंगत आपल्याकडे कधी बसली होती?

आता या यादीकडे आपल्या इतिहासातून बघू. आपल्याकडे हजारो वर्षे प्रमाण म्हणजे माणूस होता. अमुक ऋषी म्हणाले, तमुक आचार्य म्हणाले, म्हणून ते खरे. विचारणाऱ्याला उत्तर नव्हते, शिक्षा होती. संदर्भसूची नेमके उलटे करते. ती म्हणते, मी सांगतो म्हणून मानू नका. हा खंड, हे पान, जा आणि तपासा. ग्रंथालयाचे दार उघडे असेल तर शिपाईसुद्धा प्राध्यापकाची चूक काढू शकतो.

शिवाय या यादीत 'श्रीमंत' नाही, 'आचार्य' नाही, 'पंडित' नाही, 'डॉ.'सुद्धा नाही. फक्त आडनाव आणि आद्याक्षरे. बाबासाहेबांचे नाव 'आंबेडकर, बी. आर.' असे कोरडे लिहिलेले पाहून आपल्या काही लोकांना वाईट वाटते. आम्हाला वाटत नाही. त्याच यादीत त्यांचे गुरू 'सेलिगमन, ई. आर. ए.' असेही तसेच कोरडे बसतात. इथे पंगत वर्णानुसार बसत नाही, वर्णमालेनुसार बसते.

आणि बाबासाहेबांना ही पंगत चांगली ठाऊक होती. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्यात त्यांनी सेनार, नेस्फील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या नावानिशी मांडल्या आणि मग एकेकीतली उणीव दाखवली. आधी दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या नावावर जमा करायचे आणि मग खोडायचे, ही शिस्त त्यात दिसते. नाव न घेता टोमणे मारणे सोपे असते. तो मार्ग त्यांनी घेतला नाही.

'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ १९४६ साली आला. ज्या वेदाचा शब्द कानावर पडू नये म्हणून शूद्रासाठी शिक्षा सांगितल्या गेल्या, त्या ऋग्वेदाचे मंडल, सूक्त आणि ऋचा आकड्यानिशी या ग्रंथात येतात. संस्कृत येत नसताना या विषयात कसे शिरलात, असे कोणी विचारील, हे त्यांनी प्रस्तावनेतच ओळखले. त्यांनी आपले अज्ञान सरळ मान्य केले आणि सांगितले की बहुतेक वाङ्मय इंग्रजीत उपलब्ध आहे. आज संशोधनपद्धतीच्या वर्गात शिकवतात की जे वाचले तेच लिहा. भाषांतर वाचले असेल तर मूळ वाचल्याचा आव आणू नका. बाबासाहेबांनी तेच केले.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात उगमांचे तपशीलवार संदर्भ नव्हते. हिंदी अनुवाद करताना भदंत आनंद कौसल्यायन यांनी पाली वाङ्मयातली मूळ ठिकाणे शोधून काढली. पुढे महाराष्ट्र शासनाने या उगमांचा एक स्वतंत्र पुरवणी खंडही काढला. संदर्भ शोधणे हे चळवळीचेच काम आहे, याचा याहून मोठा दाखला आम्हाला माहीत नाही.

वहीत कोणाची नावे चढत नाहीत

पण वही आहे म्हणून ती आपोआप खरी होत नाही. ती माणसे लिहितात.

वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा लेख २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये आला. लेख जेमतेम एका पानाचा, त्याला सहा संदर्भ. त्या सहांत रोझालिंड फ्रँकलिन यांचे नाव नाही. त्यांचे नाव येते शेवटच्या आभारात, विल्किन्स यांच्यासोबत. त्यांच्या अप्रकाशित प्रयोगांच्या आणि कल्पनांच्या सर्वसाधारण स्वरूपाची माहिती असल्याने चालना मिळाली, अशा अर्थाच्या वाक्यात. संदर्भ आणि आभार यांत फरक काय? संदर्भ म्हणजे कर्ज मान्य केले. आभार म्हणजे चहा पाजल्याबद्दल धन्यवाद. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून फक्त 'आभारात' जागा मिळवली, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे उदाहरण तर विनोदी वाटावे असे आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली 'सायन्स'मध्ये दाखवून दिले की एकाच कामाचे श्रेय आधीच प्रसिद्ध असलेल्या माणसाकडे जास्त जाते. या नियमाला त्यांनी 'मॅथ्यू परिणाम' म्हटले. पण लेखाचा मोठा आधार होता त्यांची विद्यार्थिनी हॅरिएट झुकरमन यांनी नोबेलविजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखती. लेखावर नाव एकट्या मर्टन यांचे. तो लेख दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले. श्रेय कसे पळते हे सांगणाऱ्या लेखातूनच श्रेय पळाले! इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी १९९३ साली स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या या अन्यायाला 'मॅटिल्डा परिणाम' असे नाव दिले.

त्यात यंत्रणेची भर पडली. युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली फिलाडेल्फियाहून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू केला. कोणता लेख कोणी उद्धृत केला, हे त्यातून शोधता येऊ लागले. सोय मोठी होती. पण त्या छापील सूचीत उद्धृत लेख फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली सापडे. 'फिस्के आणि सुब्बाराव' शोधायचे तर 'फिस्के'खाली. दुसरा, तिसरा, चौथा लेखक असूनही नसल्यासारखा. आजही व्हँकुव्हर पद्धतीच्या नमुन्यात सहा नावांनंतर 'आणि इतर' येते. प्रयोगशाळेत रात्रंदिवस राबणारा सातवा कोण असतो, हे वेगळे सांगायला नको.

नावाचाही प्रश्न आहे. आडनाव सर्वांना असतेच, असे या पद्धती धरून चालतात. तमिळ देशात फेब्रुवारी १९२९ च्या चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेने जातीची उपपदे टाकून देण्याचा ठराव केला. आज तिथे असंख्य लोक वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि आपले नाव एवढेच लिहितात. जर्नलचा अर्ज मात्र आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. मग तिथे वडिलांचे नाव टाकले जाते आणि जगभर त्या संशोधकाचा उल्लेख त्याच्या बापाच्या नावाने होतो. जात टाकून मिळवलेले नाव एका रकान्यात हरवते. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईचे आधीचे लेख एका नावावर आणि नंतरचे दुसऱ्या नावावर जातात. सूचीच्या दृष्टीने त्या दोन बाया ठरतात. यावर २०१२ पासून एक सोय आहे : ऑर्किड नावाचा सोळा अंकी मोफत क्रमांक. नाव बदलो, आडनाव असो वा नसो, काम त्याच क्रमांकावर राहते. आपल्या प्रत्येक संशोधकाने तो पहिल्याच वर्षी घ्यावा.

एका अक्षराची चूक

आता चूक आपल्या घरातली. 'भारतातील जाती' हा निबंध मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापला गेला. अनेक पुस्तकांत, प्रबंधांत आणि संकेतस्थळांवर त्याचा पत्ता 'खंड ४१, मे १९१७' असा दिलेला आढळेल. शासनाने १९७९ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडातही निबंधाच्या आरंभी रोमन आकड्यांत ४१ च आहे.

बोटांवर हिशेब करा. 'इंडियन अँटिक्वरी'चा पहिला खंड १८७२ चा. दर वर्षी एक खंड. मग १९१२ चा खंड ४१ आणि १९१७ चा ४६. रोमन आकड्यांत ४६ लिहायला एक्स, एल, व्ही, आय अशी चार अक्षरे लागतात. त्यातले व्ही गळले की उरतात ४१. एक अक्षर गळले, आणि ग्रंथालयात खंड ४१ मागणाऱ्याच्या हाती १९१२ चा खंड पडेल. त्यात बाबासाहेबांचा निबंध कसा सापडणार? तेव्हा ते अजून अमेरिकेला गेलेही नव्हते.

वसंत मून यांनी ज्या हालअपेष्टांत ते खंड सिद्ध केले, त्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. दोष पहिल्या चुकीचा नाही. दोष नंतरच्या आपल्या सगळ्यांचा, कारण आपण मूळ न पाहता ओळ उतरवून घेतली. ही खोड जगभरची आहे. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन अभ्यासकांनी २००३ साली संदर्भांतल्या छपाईच्या चुका एका यादीतून दुसऱ्या यादीत कशा जातात ते तपासले. संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे वीस टक्केच मूळ लेख वाचत असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. पण जगाची खोड ही आपली सबब होऊ शकत नाही. ज्या माणसाने ऋचेचा आकडा दिल्याशिवाय विधान केले नाही, त्याच्याच निबंधाचा पत्ता आपण चुकीचा देत राहावे? विरोधक जेव्हा 'तुमचे लोक नीट अभ्यास करत नाहीत' म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात अशी यादी नसली पाहिजे.

शिक्षा कोणाला होते

हा केवळ अभिमानाचा प्रश्न नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्याचे नियम केले. प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचा. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. मोजणीतून संदर्भसूची आणि रीतसर श्रेय देऊन घेतलेले उद्धृत वगळावे, असे त्याच नियमांत आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. दुसऱ्याचा परिच्छेद अवतरणचिन्हांत, नाव-साल-पानासह दिला तर ते उद्धृत. तोच परिच्छेद तसाच, खुणेशिवाय दिला तर ती चोरी. ज्याच्या घरात प्राध्यापक काका आहे, त्याला हा फरक पहिल्या वर्षी जेवणाच्या ताटावर कळतो. आपल्या मुलाला तो शिक्षेच्या पत्रातून कळतो. शिष्यवृत्तीवर घर चालवणाऱ्याचे एक वर्ष गेले तर त्याचा प्रबंध तिथेच संपतो. म्हणून 'हे सोवळे आहे' म्हणून पाठ फिरवणे आम्हाला मान्य नाही. त्या कार्यकर्त्याचा राग खरा होता, पण त्या रागाची किंमत तो भरणार नव्हता. ती मुलगी भरणार होती.

आमच्या वर्गाने मग तीन संध्याकाळी बसून तिची सूची सरळ केली. रीत साधी होती. पहिल्या दिवशी प्रत्येक संदर्भाचा मूळ लेख उघडला आणि लेखकांची सर्व नावे, साल, शीर्षक, खंड, पृष्ठे आणि डीओआय मुळावरूनच उतरवले. दुसऱ्या दिवशी मजकुरातला प्रत्येक उल्लेख यादीत आहे का आणि यादीतला प्रत्येक संदर्भ मजकुरात आहे का, हे दोन्ही बाजूंनी ताडले. तिसऱ्या दिवशी त्या जर्नलच्या नुकत्याच छापलेल्या एका लेखाची सूची शेजारी ठेवली आणि झोटेरोने दिलेली यादी ओळीओळीने तपासली, कारण सॉफ्टवेअर मांडणी करते, खरेखोटे ठरवत नाही. अडतीसपैकी पाच संदर्भ गळले. मूळ लेख उघडल्यावर कळले की तिचे विधान त्यात नव्हतेच. दोन नवे आले. त्यातला एक तिच्याच तालुक्यात बारा वर्षांपूर्वी विहिरींचे पाणी तपासणाऱ्या एका संशोधिकेचा होता. तो आतापर्यंत कोणी फारसा उद्धृत केलेला नव्हता.

पेपर पुन्हा पाठवला आहे. तो स्वीकारला जाईल की नाही, ते समीक्षक ठरवतील. पण या वेळी तो निदान त्यांच्यापर्यंत पोचला आहे, आणि तिची पस्तीस नावांची पंगत सरळ बसली आहे. आता आपल्यापैकी ज्यांच्या पुस्तकात, प्रबंधात, भाषणाच्या टिपणात 'इंडियन अँटिक्वरी, खंड ४१' असे लिहिलेले आहे, त्यांनी आज पेन घ्यावे आणि ते ४६ करावे. सुरुवात तिथूनच होईल.